फुटक्या बशीचा पुरावा

आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या सर्वांत वरच्या खणात सहा कपबश्या होत्या. आजीचे दीर बोटीवर नोकरीला होते. त्यांनी त्या जपानमधल्या कोबे बंदरातून आणल्या होत्या. दुधासारख्या पांढऱ्या, कडेला सोनेरी रेघ, आणि मध्ये हाताने रंगवलेली गुलाबी फुलांची एक डहाळी. त्यांतून चहा प्यायल्याचे मात्र मला आठवत नाही. कितीही मोठे पाहुणे आले तरी चहा रोजच्या जाड कपांतूनच दिला जाई. दिवाळीच्या साफसफाईत या कपबश्या खाली उतरत, धुतल्या-पुसल्या जात आणि पुन्हा वर जाऊन बसत.

मी दहा वर्षांची असताना अशाच एका साफसफाईत पुसता पुसता एक बशी माझ्या हातून निसटली. मला वाटले, आता काही खरे नाही. आजी एवढेच म्हणाली, "फुटली ती फुटली. आधी हात मागे घे, कापेल. तुकडे मी भरते." तिची नजर चुकवून त्यातले दोन तुकडे मी ठेवून घेतले. एकावर अर्धे फूल होते. दुसऱ्यावर, बशीच्या पाठच्या बाजूला, इंग्रजी अक्षरांत एक शिक्का होता : 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. इंग्रजी नुकतेच वाचता येऊ लागले होते. 'ऑक्युपाइड' हे कारखान्याचे नाव असावे, असे मी ठरवून टाकले.

आज मी सिरॅमिक पदार्थांवर संशोधन करते आणि ते दोन तुकडे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. वस्तू अखंड असते तोवर ती आपले पोट दाखवत नाही. फुटली की बरेच काही सांगते. त्या तुकड्यांनी मला जे सांगितले, ते शिक्षकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. त्यात थोडे रसायन आहे, थोडा भूगोल आहे आणि बराचसा इतिहास आहे.

पहिला पुरावा : शिक्का

घरात सगळे सांगत की या कपबश्या 'लढाईच्या आधी' आणलेल्या आहेत. शिक्का वेगळे सांगतो. 'ऑक्युपाइड' म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यात असलेला. दुसऱ्या महायुद्धात शरणागती पत्करल्यावर १९४५ ते १९५२ या काळात जपान दोस्त राष्ट्रांच्या लष्करी ताब्यात होता. खाजगी निर्यातव्यापार १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि त्या वर्षांत बाहेर जाणाऱ्या बऱ्याच मालावर हा शिक्का उमटवला गेला. म्हणजे आमची बशी लढाईच्या आधीची असणे शक्यच नव्हते. ती साधारण १९४७ ते १९५२ मधली. घरची आठवण खोटेपणाने बदललेली नव्हती, फक्त पुढेमागे झाली होती. आठवणी तशा होतातच. शिक्का मात्र जागेवरच राहतो.

जुन्या जपानी भांड्यांच्या पाठीवरून काळ ठरवण्याची ही युक्ती बरीच उपयोगी आहे. अमेरिकेत १८९० मध्ये एक जकात कायदा झाला. त्यानुसार १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे सक्तीचे झाले. जपानी कारखानदार 'निप्पॉन' असे लिहू लागले, कारण त्यांच्या भाषेत देशाचे नाव तेच. पुढे १९२१ मध्ये अमेरिकी जकात खात्याने 'निप्पॉन' चालणार नाही, 'जपान' असेच लिहा, असा आग्रह धरला. म्हणून नुसते 'निप्पॉन' लिहिलेली बशी बहुधा १८९१ ते १९२१ मधली असते. एका सरकारी नियमामुळे लाखो बश्यांवर तारखा कोरल्या गेल्या, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा पुरावा : तुटलेली कड

आता तुकड्याची कड पाहू. माठाची किंवा कौलाची खापरी घ्या आणि तिची ताजी तुटलेली कड जिभेला लावा. जीभ चिकटते. खापरी सच्छिद्र असते आणि ओलावा शोषून घेते. पोर्सेलीनच्या कडेला जीभ चिकटत नाही. कड गारगोटीसारखी गुळगुळीत असते आणि आतपासून बाहेरपर्यंत सारखीच पांढरी. पातळ तुकड्यामागे विजेरी धरली तर उजेड आरपार झिरपतो.

हा फरक कशामुळे? साधी कुंभाराची माती ८००-९०० अंश सेल्सिअसला भाजली जाते. तिचे कण एकमेकांना टेकतात, चिकटतात, पण मधल्या फटी तशाच राहतात. माठातले पाणी गार होते ते याच फटींतून झिरपून बाहेर वाफ झाल्यामुळे. पोर्सेलीनसाठी तीन गोष्टी लागतात : शुद्ध पांढरी माती म्हणजे केओलिन, गारगोटीचे पीठ म्हणजे क्वार्ट्‌झ, आणि भट्टीत वितळून काच होईल असे पोटॅशियमयुक्त खनिज. उष्णता १३०० अंशांच्या आसपास गेली की हे तिसरे खनिज वितळते. त्याची काच सगळ्या फटी भरून टाकते. त्याच वेळी केओलिनपासून म्युलाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे बारीक स्फटिक तयार होतात आणि लोखंडी सळ्यांनी काँक्रीट धरून ठेवावे तसे त्या काचेला धरून ठेवतात. फटी संपल्या म्हणून पाणी शिरत नाही, काच आहे म्हणून उजेड जातो, आणि सुया आहेत म्हणून भांडे पातळ असूनही टिकते.

आपण या सगळ्याला सरसकट 'चिनी माती' म्हणतो. शोध चीनमध्ये लागला, म्हणून नाव योग्यच आहे. पण आमची बशी जपानी होती, आणि जपानला हे ज्ञान मिळाले कोरियाकडून. ते कसे मिळाले हे मात्र मुलांना जपूनच सांगावे लागते.

पकडून आणलेले ज्ञान

१५९२ ते १५९८ या काळात जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने कोरियावर दोनदा स्वारी केली. स्वाऱ्या फसल्या, पण परतताना जपानी सरदारांनी कोरियन कारागिरांना धरून आणले. त्यांत कुंभार मोठ्या संख्येने होते. म्हणून या स्वाऱ्यांना 'कुंभारकामाची युद्धे' असेही म्हटले जाते. क्यूशू बेटावरील सागा प्रांताच्या नाबेशिमा या सरदाराने असे बरेच कुंभार आपल्या मुलुखात वसवले.

परंपरा असे सांगते की त्यांपैकी यी साम-प्योंग याला, ज्याला जपानी लोक री साम्पेई म्हणतात, १६१६ मध्ये आरिता गावाजवळ इझुमियामा या टेकडीवर योग्य दगड सापडला आणि जपानी पोर्सेलीनचा जन्म झाला. आरितामध्ये १९१७ साली त्याचे स्मारक उभारले गेले. उत्खननांतून मिळालेल्या खापऱ्या चित्र थोडे बदलतात. आरिताच्या आसपास त्याच सुमारास एकाहून अधिक भट्ट्यांवर पोर्सेलीनचे प्रयत्न चालू होते, असे त्यांवरून दिसते. शोध एका माणसाचा नव्हता, एका समूहाचा होता. इथेही आठवण एक सांगते आणि खापरी दुसरे.

या समूहातल्या एका बाईचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती १६३० च्या सुमारास सुमारे नऊशे कोरियन कारागिरांना घेऊन आरिताला येऊन राहिली. १६५६ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी ती वारली. तिच्या पणतवाने आरिताच्या होओन-जी देवळात तिच्या नावाचा दगड उभारला. पण त्या दगडावर तिचे खरे नाव नाही. 'ह्याकुबासेन' म्हणजे साधारण 'शंभर वर्षांची तपस्वी आजी', एवढेच आपल्याला कळते. नऊशे माणसे जिच्या शब्दावर गाव सोडून निघाली, तिला आईवडिलांनी कोणत्या नावाने हाक मारली होती, याची कुठेही नोंद नाही.

इझुमियामाच्या दगडात एक खास गोष्ट होती. युरोपात पोर्सेलीनसाठी तीन वेगवेगळी खनिजे प्रमाणात मिसळावी लागत. इथे निसर्गानेच ती मिसळून ठेवली होती. ज्वालामुखीचा खडक भूगर्भातल्या उष्ण पाण्याने बदलत गेला आणि त्यात क्वार्ट्‌झ, थोडे केओलिन आणि सेरिसाइट नावाचे बारीक अभ्रक एकत्र आले. हे अभ्रकच भट्टीत वितळून काच होते. दगड कुटायचा, पाण्यात कालवायचा, जाड कण तळाशी बसू द्यायचे आणि वरचा गाळ वापरायचा. म्हणूनच आरिताचे लोक 'माती' न म्हणता 'दगड' म्हणतात. मातीची भांडी आणि दगडाची भांडी, असा त्यांचा हिशेब आहे.

चढती भट्टी आणि उतरते जंगल

१३०० अंश उष्णता लाकडावर कशी मिळवायची? यासाठी डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारख्या एकापुढे एक खोल्या असलेली भट्टी बांधली जाई. जाळ खालून सुरू होई. गरम हवा वर चढते, हे आपण पाचवीत शिकवतो. खालच्या खोलीतून निघालेली गरम हवा वरच्या खोलीतली भांडी आधीच तापवून ठेवी. मग त्या खोलीत बाजूने थोडेच लाकूड टाकले तरी पुरे. वाया जाणारी उष्णता वापरण्याची ही चांगली युक्ती होती.

तरीही लाकूड अफाट लागे. १६३७ मध्ये नाबेशिमा सरकारने जंगलतोडीचे कारण देऊन ८२६ जपानी कुंभार स्त्री-पुरुषांना या धंद्यातून बाहेर काढले आणि भट्ट्यांची संख्या १३ वर आणली. जंगल वाचवणे हे एक कारण खरे असेलही. पण त्यामुळे पोर्सेलीनचे ज्ञान थोड्या, नजरेखालच्या लोकांच्या हाती राहिले, हेही तितकेच खरे. पुढे गावाच्या वाटांवर चौक्या बसल्या. दगड बाहेर जाऊ नये आणि माणसेही जाऊ नयेत, म्हणून. पर्यावरणाचा निर्णय आणि मक्तेदारीचा निर्णय एकाच हुकुमात कसे मिसळतात, याचे हे चारशे वर्षांपूर्वीचे उदाहरण वर्गात चर्चेला घेण्याजोगे आहे.

निळा आत, लाल वर

माझ्या तुकड्यावरच्या अर्ध्या फुलावरून बोट फिरवले की रंग किंचित उंच लागतो. तिरक्या उजेडात त्याची चमक आजूबाजूच्या पांढऱ्या भागापेक्षा वेगळी दिसते. म्हणजे हा रंग झिलईच्या वर आहे. जपानी भांड्यांवरची चित्रे समजायची तर हा एक भेद पुरेसा आहे : रंग झिलईच्या खाली की वर?

खालचा रंग प्रामुख्याने निळा. तो कोबाल्टच्या खनिजाचा. कच्चे किंवा एकदा हलके भाजलेले भांडे पाणी शोषते, त्यामुळे कुंचला टेकला की रंग लगेच आत ओढला जातो आणि खोडायची सोय नसते. लावताना हा रंग काळपट राखाडी दिसतो. निळाई भट्टीतच उमलते. म्हणजे चितारी न दिसणाऱ्या रंगात चित्र काढत असतो. वर झिलई चढवून भांडे १३०० अंशांवर भाजतात. भट्टीत शेवटी हवा मुद्दाम कमी ठेवतात. ऑक्सिजन अपुरा पडला की दगडातले उरलेसुरले लोह फेरिक स्वरूपातून फेरस स्वरूपात जाते, आणि पिवळट झाक येण्याऐवजी भांड्याला थंड निळसर पांढरेपणा येतो. हे क्षपण आपण नववी-दहावीत समीकरणात शिकवतो. आरिताचे भट्टीवाले ते ज्वाळेचा आणि धुराचा रंग पाहून करत.

आरितात या निळ्या कामाची वाटणी ठरलेली होती. बारीक रेघा बहुतेक पुरुष काढत. रेघांच्या आतला भाग भरण्याचे काम स्त्रियांकडे असे. त्यासाठी भरपूर रंगपाणी धरणारा जाडजूड कुंचला वापरतात. भांडे तिरके धरायचे, कुंचल्यातून निळे पाणी सोडायचे, ते हवे तिथे फिरवायचे आणि जास्तीचे पुन्हा कुंचल्याने ओढून घ्यायचे. क्षणभर उशीर झाला तर डाग.

लाल, हिरवा, पिवळा, गुलाबी हे रंग १३०० अंशांवर टिकत नाहीत. ते झिलई पक्की झाल्यावर वरून लावतात आणि पुन्हा साधारण ८०० अंशांवर भाजतात. इतक्या कमी उष्णतेला रंगातली काच वितळावी म्हणून परंपरेने तिच्यात शिसे मिसळत. जपानमध्ये हे तंत्र १६४० च्या दशकात साकाइदा काकिएमोन याने बसवले, अशी परंपरा आहे. मूळ ज्ञान नागासाकीतल्या चिनी माणसांकडून आले. त्याचे घराणे आजही त्याच नावाने काम करते. त्या घराण्याची दुधट पांढरी माती अठराव्या शतकात विस्मरणात गेली होती. ती बाराव्या आणि तेराव्या काकिएमोन पितापुत्रांनी १९५३ मध्ये पुन्हा जमवली. लिहून न ठेवलेले ज्ञान एकदा हरवले की परत मिळवायला किती वेळ लागतो, हे यावरून दिसते.

जेवायची भांडी, मांडायची भांडी

१६४४ मध्ये चीनमध्ये मिंग राजवट कोसळली. यादवीत तिथले पोर्सेलीन बाहेर येईनासे झाले. युरोपला आणि पश्चिम आशियाला माल पुरवणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीची पंचाईत झाली. हीच ती कंपनी, जिच्या वखारी आपल्याकडे वेंगुर्ल्याला आणि सुरतेला होत्या. जपानने परकीयांना दरवाजे बंद केले होते, पण नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर डचांना जागा दिली होती. १६५९ मध्ये कंपनीने आरिताकडे ५६ हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. डोंगरातल्या एका गावाच्या भट्ट्या अचानक जगाच्या बाजाराला जोडल्या गेल्या. माल जवळच्या इमारी बंदरातून निघे, म्हणून जगात तो 'इमारी' नावाने ओळखला गेला. आरिताचे नाव मागेच राहिले.

युरोपात या भांड्यांत कोणी फारसे जेवत नसे. राजेरजवाडे ती भिंतींवर, छतापर्यंत मांडत. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याला तर या भांड्यांचे वेडच होते. त्याच्याच आश्रयाखाली, जवळपास कैदेत, काम करणाऱ्या योहान बॉटगर याने चिर्नहाउस या शास्त्रज्ञाबरोबर १७०८ मध्ये युरोपातले पहिले कठीण पोर्सेलीन बनवले. १७१० मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला आणि त्याने पहिल्या काही दशकांत काकिएमोनची चित्रे जशीच्या तशी उतरवून घेतली. कारागिराला डांबून ज्ञान मिळवायचे, ही रीत एकट्या जपानची नव्हती.

त्याच काळात जपानमधल्या सामान्य माणसाच्या हातात काय होते? आरिताच्या शेजारच्या हासामी गावात जाडसर, स्वस्त वाडगे लाखांनी बनत. ओसाका आणि क्योतो यांच्या दरम्यान योदो नदीतून प्रवासी होड्या चालत. त्यांच्याभोवती खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या छोट्या होड्या घोटाळत आणि विक्रेते खेकसत, "खाणार की नाही?" त्या ओरडण्यावरूनच या वाडग्यांना 'कुरावांका' हे नाव पडले. त्यांवर कोबाल्टचे चारसहा फटकारे असत : एखादी वेल, एखादे फूल. दिवसभरात शेकडो रंगवायचे म्हणजे हात थांबवून चालणार नव्हते. आज संग्रहालयांत त्या फटकाऱ्यांचेही कौतुक होते. करणाऱ्यांची नावे मात्र तिथेही नाहीत.

रोजच्या वाडग्यावर निळा रंग आणि मांडायच्या फुलदाणीवर लाल-सोनेरी, अशी साधारण विभागणी दिसते. तिच्यामागे किंमत आहे, कारण वरच्या रंगांसाठी पुन्हा भट्टी लावावी लागते. पण विज्ञानही आहे. झिलईखालचा निळा काचेच्या आवरणात सुरक्षित असतो. वरचा रंग घासून झिजतो.

सपाट ताटलीची दहा वर्षे

मेइजी काळात जपानने दरवाजे उघडले. गॉटफ्रीड वागनर हा जर्मन शास्त्रज्ञ १८७० मध्ये आरिताला गेला आणि त्याने कोळशाची भट्टी व शुद्ध कोबाल्ट ऑक्साइड यांची ओळख करून दिली. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपानी पोर्सेलीनचे मोठे कौतुक झाले. मोरिमुरा इचिझाएमोन या व्यापाऱ्याने आपल्या धाकट्या भावाला १८७६ मध्ये न्यूयॉर्कला धाडले आणि जपानी वस्तूंचा व्यापार सुरू केला. फुलदाण्या आणि शोभेची भांडी चांगली खपली. पण अमेरिकी घरात रोज लागणारी वस्तू वेगळीच होती : एकसारख्या भांड्यांचा जेवणाचा संच, आणि त्यातली सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाची सपाट ताटली.

मोरिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये नागोयाजवळच्या नोरिताके गावी कारखाना काढला. पांढरी माती जमली, कप जमले. सपाट ताटली मात्र जमेना. वरवर पाहता ताटलीपेक्षा कप बनवणे अवघड वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. भट्टीत पोर्सेलीनचा काही भाग वितळलेला असतो, म्हणजे ते नरम पडलेले असते. कपाची गोल भिंत कमानीसारखी स्वतःला सावरते. ताटलीचा सपाट मध्य केवळ तळाच्या कड्यावर तोललेला असतो. तो खाली बसतो किंवा वाकतो. शिवाय वाळताना आणि भाजताना भांडे सुमारे सातव्या-आठव्या हिश्श्याने आक्रसते. ते आक्रसणे सगळीकडे सारखे झाले नाही तर ताटली मुरडते. जपानी जेवणात वाडगा हातात धरतात. त्याची किंचित वाकडी कड कोणाला खुपत नाही, उलट आवडतेही. पण बारा ताटल्या एकावर एक रचल्या की एक मिलिमीटरची चूकही लपत नाही.

मातीचे मिश्रण, कणांचा आकार, ताटलीची जाडी, भट्टीतली मांडणी हे सगळे बदलत, मोजत, नोंदवत सुमारे दहा वर्षे गेली. १९१४ मध्ये पहिला जपानी जेवणाचा संच परदेशी रवाना झाला. त्यावरची नक्षी रंगवली होती, पण खरा विजय नक्षीखालच्या सपाट पांढऱ्या वर्तुळाचा होता. त्याच अभ्यासातून आणि त्याच उद्योगसमूहातून पुढे १९१७ मध्ये स्वच्छतागृहाच्या भांड्यांची, १९१९ मध्ये विजेच्या तारांवरील विद्युतरोधकांची आणि १९३६ मध्ये मोटारीच्या स्पार्क प्लगांची स्वतंत्र कंपनी निघाली. विजेच्या खांबावरच्या पांढऱ्या वाट्यांचे जेवणाच्या ताटलीशी नाते आहे, ते असे.

युद्धाने हे सगळे मोडले. चांगला कच्चा माल मिळेना, कुशल हात विखुरले. १९४६ ते १९४८ या काळात या कारखान्याने आपले नेहमीचे नाव भांड्यांवर घातलेच नाही. माल आपल्या पूर्वीच्या दर्जाचा नाही, म्हणून त्याने दुसऱ्याच नावाने तो विकला आणि दर्जा परत आल्यावर नाव परत आणले. आपला माल कमी दर्जाचा आहे हे शिक्क्यानेच कबूल करणारा कारखाना विरळाच.

वर्गात करून पाहण्यासारखे

फुटक्या कपाचे आणि कौलाचे तुकडे वजन करून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी पुसून पुन्हा वजन करा. कौलाचे वजन किती टक्क्यांनी वाढले आणि पोर्सेलीनचे किती, हे मुलांना स्वतः मोजू द्या. तुकड्यांच्या कडा आधी घासून बोथट करायला विसरू नका.

घरून नक्षीदार कपबश्या आणायला सांगा आणि भिंगातून पाहा. छापील नक्षीत बहुधा एकसारखे बारीक ठिपके दिसतात. हाताने रंगवलेल्यात कुंचल्याची सुरुवात आणि शेवट दिसतो, आणि दोन फुले कधीच तंतोतंत सारखी नसतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली चिनी आणि जपानी भांडी आहेत. सहल तिकडे गेली तर रंग झिलईच्या खाली की वर, हे ओळखण्याचा खेळ मुलांना आवडेल.

आणि एक सावधगिरी. झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसे असू शकते. आंबट पदार्थात ते हळूहळू विरघळते. म्हणून जुन्या, वरून रंगवलेल्या भांड्यांत लोणचे, चिंचेचे सार, सोलकढी किंवा लिंबूसरबत ठेवू नये. ती मांडून ठेवावीत. लहान मुलांना शिशाचा अगदी थोडा अंशही घातक ठरतो, म्हणून 'थोड्याने काय होते' असे इथे म्हणता येत नाही. सोनेरी कडेचे भांडे मायक्रोवेव्हमध्येही घालू नये. ठिणग्या उडतात.

आजीच्या उरलेल्या पाच बश्या आणि सहा कप आता माझ्याकडे आहेत. भिंगाखाली पाहिले तर दोन हातांचे काम वेगळे काढता येते. एका हाताने पाकळीचा शेवट डावीकडे वळवला आहे, दुसऱ्याने तो सरळ सोडला आहे. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात, दुसऱ्याच्या ताब्यातल्या शहरात, दोन माणसे शेजारी शेजारी बसून ही फुले रंगवत होती, एवढे मी खात्रीने सांगू शकते. शिक्क्यावर देशाचे नाव आहे, त्या दोघांचे नाही. मी फोडलेल्या बशीवरची पाकळी डावीकडे वळलेली आहे.

त्या कपांतून मीही चहा पीत नाही. वरच्या खणात ठेवण्याचे आजीचे कारण वेगळे होते, माझे वेगळे आहे. दिवाळीला मात्र ते खाली उतरतात, आणि आता माझी मुलगी ते पुसते.